खुंटीवरची नावं

चियांग माई, २ जून

ती. ताईस,
सेंगलाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. वि. वि.

पत्र उघडलं की तू आधी शेवट वाचतेस, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून शेवटचं सुरुवातीलाच लिहिते. तोंगला माझ्याकडे शिकायला पाठव.

आता कारणं. आमच्या शाळेत काम करणाऱ्यांच्या घरातल्या एका मुलाला फी माफ असते. मला मूलबाळ नाही, तेव्हा भाची चालेल का असं मी मुख्याध्यापिकांना, मिसेस पेंडलना, विचारलं. चालेल म्हणाल्या, पण पंधरा तारखेच्या आत नाव हवं. खरं सांगायचं तर त्यांनाही गरज आहे. गेल्या वर्षी आपल्या बाटचा भाव कोसळला, कंपन्यांना कुलपं लागली आणि परदेशी कुटुंबं भराभर सामान बांधून निघाली. एका सहामाहीत आमची एकसष्ट मुलं गेली. काही तर दुपारच्या जेवणानंतर वर्गात परत आलीच नाहीत, बाप परस्पर विमानतळावर घेऊन गेला. आता वर्ग निम्मे रिकामे आहेत, आणि नवी कुटुंबं शाळा बघायला आली की त्यांना फिरवून दाखवायचं ते मी.

तुलाही फिरवते, चल. एका वर्गात सोळा मुलं आणि दोन बाई. वाचायच्या खोलीत खुर्च्या नाहीत, गाद्या आहेत, मूल लोळत वाचलं तरी कुणी रागावत नाही. दुपारी गरम जेवण. आठवड्यातून दोनदा मातृभाषेचा तास असतो, कोरियन मुलाला कोरियन, स्वीडिश मुलाला स्वीडिश. आपल्या बोलीचा तास आहे का, ते विचारू नकोस. व्हरांड्यात प्रत्येक मुलाची स्वतःची खुंटी, वर नावाची पाटी. पहिल्या दिवशी मी मुलाचा हात धरून त्याला त्याच्या खुंटीपाशी नेते आणि सांगते, आजपासून हे तुझं घर. हे वाक्य माझं, पण मिसेस पेंडलना इतकं आवडलं की त्यांनी माहितीपत्रकावर छापून घेतलं. आणि सगळ्यात शेवटी पोहण्याचा तलाव, वर छप्पर, पाणी आरशासारखं. तो मी मुद्दाम शेवटी ठेवते. तिथे आया गप्प होतात आणि बाप सही करतात.

तोंग हुशार आहे, ताई. गावच्या शाळेत तिचे प्रश्न ऐकून मास्तर वैतागतात, असं तूच लिहिलं होतंस. इथे प्रश्न विचारणाऱ्याला शाबासकी मिळते. विचार कर आणि लवकर कळव.

लोभ आहेच, त्यात या एका होकाराची भर घालावी.
तुझी धाकटी,
सेंगला

—

नान, ९ जून

चि. सेंगला हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. शेवट आधी वाचायचा म्हणून मी शेवट उघडला, तर तिथे होकार मागितलेला. म्हणजे तुझी युक्ती फुकट गेली.

शाळा छान फिरवलीस. गाद्या, खुंट्या, पाणी, सगळं दिसलं. पण ती राहणार त्या तुझ्या खोलीबद्दल एक ओळ नाही. रात्री ती तुझ्याजवळ झोपेल ना? तिला एकटं झोपायची सवय नाही, आणि झोपेतही ती बडबडते. सगळ्या कोंबड्यांना तिने नावं ठेवली आहेत, झोपेत त्यांची हजेरी घेते. परवा तिने मला विचारलं की पाल भिंतीवरून पडते तेव्हा तिला लाज वाटते का. मी म्हटलं, तू शहरात जाशील तेव्हा हे तुझ्या मावशीला विचार, ती शिकलेली आहे.

म्हणजे समजलीस. पाठवते. तिचे बाबा तैवानहून फोनवर बोलले, त्यांनीही हो म्हटलं. फोन देवळात येतो, त्यामुळे हे सगळ्या गावाला कळलं आणि शेजारच्या म्हातारीने तर पोरगी विलायतेला चालली असंच ठरवून टाकलं.

विहारातल्या आजोबांकडून मनगटाला पांढरा दोरा बांधून घेतला आहे. तो आपण होऊन गळेपर्यंत काढायचा नाही, शाळेत कुणी काहीही म्हणो. आणि पडली-घाबरली की ख्वन, म्हणजे अंगातला जीव, निसटतं, तेव्हा लगेच हाक मारायची, ख्वन ये गं, अंगात ये. तुला सांगायला नको, पण शहरात राहून माणूस काय काय विसरतं.

तिला सांभाळ. माझ्याकडे ही एकच आहे.
तुझी ताई,
खामनोय

—

चियांग माई, ३० ऑगस्ट

ती. ताईस,
सेंगलाचा नमस्कार. वि. वि. आम्ही दोघी मजेत आहोत. उशीर झाला, रागावू नकोस, शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले आणि मला श्वास घ्यायला फुरसत नाही.

तोंगची प्रगती ऐकशील तर चकित होशील. सगळ्या बाई तिचं कौतुक करतात. इतकी शांत, इतकी नीटनेटकी मुलगी वर्गात दुसरी नाही म्हणतात. ताटात वाढू ते खाते. सांगितलं की झोपते, झोपेत अजिबात बडबडत नाही. मी तर मिसेस पेंडलना म्हटलं, माझ्या ताईचं वळणच तसं आहे.

पहिल्या आठवड्यात जिन्यावर तिचा पाय घसरला. लागलं काहीच नाही, जरा दचकली एवढंच. मनगटाचा दोरा मात्र तुटला. तसाही तो जुना झाला होता.

बाकी गंमत म्हणजे, शाळा बघायला येणारी लहान मुलं अलीकडे व्हरांड्यात थबकतात. गेल्या मंगळवारी एका पाच वर्षांच्या कोरियन मुलीने रिकाम्या खुंट्यांकडे बघून हात हलवला आणि आईला विचारलं की ही मुलं घरी का जात नाहीत. आई हसली, मीही हसले. ज्या पाट्या काढल्या त्यांच्या खिळ्यांच्या खुणा भिंतीवर दिसतात, त्यांचे चेहरे होत असतील तिला. रंगाऱ्याला बोलवायला हवं.

कळावे. आशीर्वाद असू द्यावा, तोंगवर जरा जास्त.
सेंगला

—

नान, ६ सप्टेंबर

चि. सेंगला हिस,
आशीर्वाद. तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

माझी मुलगी शांत आहे म्हणतेस. वाढशील ते खाते म्हणतेस. मग ती कुणाची मुलगी आहे? तुझ्या पाकिटात तिचीही चिठ्ठी होती. अक्षर वळणदार, रेघेवर. प्रिय आई, मी बरी आहे, शाळा छान आहे, तू बरी असशील अशी आशा आहे. सेंगला, त्या चिठ्ठीत एकही प्रश्न नाही. कोंबड्या कशा आहेत एवढंही नाही.

ख्वन निसटलं की मूल असंच होतं. जेवतं, चालतं, सांगितलेलं ऐकतं. लोक म्हणतात किती गुणी. अंगात कुणी नसलं की अंग गुणीच असतं.

तू स्वतः हे भोगलं आहेस, पण आठवत नसेल. आई गेली त्या वर्षी तू पाच वर्षांची होतीस, मी चौदाची. बंधाऱ्यावर तू पाण्यात पडलीस आणि बाहेर काढल्यावर पंधरा दिवस नुसती बघत बसायचीस. निसटलेलं ख्वन धरून आणायचं लहान जाळं कुणी उसनं दिलं नाही, म्हणून मी बाबांचं मासे धरायचं मोठं जाळं ओढत बंधाऱ्यावर नेलं. लोक म्हणाले, आईनेच बोलवावं लागतं, तू पोर काय बोलावणार. मी म्हटलं, हिला इथे खेळायला मी आणलं होतं, मीच परत नेणार. आणि नेलं.

मी येत्या रविवारी येते. ती नेमकी कुठे घाबरली ती जागा मला दाखव. जागा चुकली तर जाळं रिकामं येतं.

काळजीतही लोभ आहे,
ताई

—

नान, १५ सप्टेंबर

चि. सेंगला हिस,
आशीर्वाद. बस वेळेवर पोचली. तू बांधून दिलेला भात वाटेत खाल्ला.

आता जे तिथे बोलता आलं नाही ते लिहिते. तुझ्या जिन्यावर मी जाळं फिरवलं, तिचा अंगावरचा फ्रॉक आत ठेवला, चिकट भाताचा गोळा, केळं, उकडलेलं अंडं, सगळं नीट केलं. जाळं नेलं तितकंच हलकं परत आलं. अंडं सोललं तर एका बाजूला खोल खळगा, म्हणजे ख्वन आलंच नाही, तूही पाहिलास. माझी पोर पायऱ्यांवर हात जोडून उभी राहिली आणि सगळं झाल्यावर मला थँक्यू म्हणाली. आईला थँक्यू.

आणखी एक पाहिलं. तू आम्हाला शाळाभर हिंडवलंस, पण व्हरांड्याच्या टोकाला तोंग थांबली. तिथून पुढे ती पाऊल टाकेना. तू लगेच तिला वाचायच्या खोलीकडे वळवलंस आणि गाद्या किती मऊ आहेत ते मला सांगू लागलीस. सेंगला, तू मला पाहुण्यांसारखं फिरवलंस. चांगलं तेवढं दाखवलंस.

मी अडाणी असेन, पण तुला मी वाढवलं आहे. व्हरांड्याच्या पलीकडे काय आहे?

उत्तराची वाट बघते.
ताई

—

चियांग माई, २१ सप्टेंबर

ती. ताईस,
नमस्कार करायलाही हात उचलत नाहीत. पण सगळं लिहिते, एकदाच.

जिना खोटा होता. व्हरांड्याच्या पलीकडे तलाव आहे.

शाळेचा दुसरा दिवस होता. एक कुटुंब शाळा बघायला आलं होतं, चार माणसं, मोठी सही होणार होती. मिसेस पेंडल म्हणाल्या, बरोबर एखादं मूल असेल तर बरं दिसतं. मी तोंगला घेतलं. तलावापाशी मी तिला म्हटलं, काठावर उभी राहा, हस. आणि मी तिच्याकडे पाठ करून त्या आईला सांगत होते की आमच्याकडे पाण्याजवळ मुलांवर कायम कुणाचं तरी लक्ष असतं. हे वाक्य मी रोज म्हणते. मी ते पूर्ण केलं, ताई. मागे पाण्याचा आवाज झाला होता, तरी पूर्ण केलं.

माळी इनकाकांनी उडी मारून तिला काढलं. फार वेळ नव्हती पाण्यात. बाहेर आली, खोकली, माझ्याकडे बघत राहिली. मी काय म्हणणार याची ती वाट बघत होती. आपल्याकडचं शेंबडं पोरही जाणतं की अशा वेळी काय म्हणायचं. ख्वन ये, अंगात ये. तीन वेळा म्हणायचं, छातीशी धरायचं. माझ्या तोंडाशी आलं होतं. पण समोर ती चार माणसं उभी होती, आणि मला लाज वाटली. गावंढळ दिसेन असं वाटलं. मी टाळ्या वाजवल्या आणि इंग्रजीत म्हटलं, बघा, आमच्या मुलांना पाणी किती आवडतं! सगळे हसले. सही झाली.

मग कर्मचाऱ्यांच्या न्हाणीघरात तिचे केस पुसताना मी तिला म्हटलं, आईला सांगायचं नाही. तेव्हापासून ती कुणालाच काही सांगत नाही. माझंच ऐकते आहे ती.

आता पाहुण्यांची मुलं तलावापाशीही थबकतात. परवा एका लहानग्याने मला विचारलं, त्या मुलीचे केस ओले आहेत, तिला टॉवेल का देत नाही? तोंग तेव्हा वर्गात होती. मी स्वतः खिडकीतून पाहून आले, केस कोरडे, पाठ सरळ, वहीत मान घातलेली. तिला तिथे बसलेलं पाहून मला जास्त भीती वाटली.

३ ऑक्टोबरला शाळा सगळ्यांसाठी खुली असते, त्या दिवशी बाहेरच्या माणसाला तलावापर्यंत येता येतं. सगळे पाहुणे असतील, मिसेस पेंडल असतील. तू जाळं घेऊन ये. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. माफी मागत नाही, आधी ती परत येऊ दे.

सेंगला

—

नान, ७ ऑक्टोबर

चि. सेंगला हिस,
अनेक आशीर्वाद. तोंग आणि मी सुखरूप पोचलो.

रागावले होते. अजूनही आहे, पण ते नंतर. तू शेवटी डोळे घट्ट मिटले होतेस, म्हणून काय झालं ते तुला दिसलं नसणार. ते आधी सांगते.

काठावर गुडघे टेकून मी तीनदा हाक मारली. आईची हाक, अगदी बेंबीच्या देठापासून. तीनदा जाळं पाण्यातून ओढलं आणि तिन्ही वेळा नुसतं पाणी गळून गेलं. सभोवती ते सगळे लोक, गळ्यात नावाच्या पट्ट्या, हातात सरबताचे पेले. मला वाटलं, झालं, पोर गेली. तेव्हा मला बंधाऱ्यावरची गोष्ट आठवली आणि मी जाळं तुझ्या हातात दिलं. तिला तिथे तू नेलं होतंस.

तू चपला काढल्यास. गळ्यातली पट्टी काढून खाली ठेवलीस. आणि आपल्या बोलीत, बाजारात ओरडावं तशी ओरडलीस, "तोंग, मावशी चुकली गं, ख्वन ये, घरी चल!" तेव्हा जाळ्याचा दांडा वाकला, सेंगला. तू डोळे मिटलेस. मी दांड्याला हात लावून पाहिला, एखादं झोपलेलं मूल उचलावं इतकं वजन होतं. जाळ्यात मात्र तिच्या फ्रॉकशिवाय काही नव्हतं.

बसमध्ये मी तीन तिकिटं काढली. कंडक्टरने विचारलं, तिसरं कुणाचं? मी म्हटलं, हिचंच. जाळं मधल्या जागेवर ठेवलं आणि कुणाला तिथे बसू दिलं नाही. डोंगर चढताना तोंग डुलक्या काढत होती. उठली, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "आई, मी नव्हते तेव्हा कोंबड्यांची हजेरी कोण घेत होतं?" मी तोंडावर पदर धरून रडत बसले. घरी येऊन अंडं सोललं. गुळगुळीत, कुठे खळगा नाही.

आता ती पुन्हा डोकं उठवते. एक दिवसही शांत नाही. तिला मी परत पाठवणार नाही, हे तुला कळलंच असेल.

पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. ती झोपेत पुन्हा हजेरी घेते, आणि त्यात आता कोंबड्यांची नावं नाहीत. वेगळीच आहेत, मला उच्चारता येत नाहीत. सकाळी विचारलं तर म्हणाली, ती खुंट्यांखालची मुलं. तिथे असताना तिची ओळख झाली. पाट्या काढून नेल्या तरी ती आपापल्या खुंटीखाली उभीच असतात. त्यांना निघताना कुणी हाकच मारली नाही, मोटारीत घातलं आणि नेलं. तू तोंगला हाक मारलीस तेव्हा सगळी धावत काठावर आली होती म्हणे. त्यांना वाटलं शाळा सुटली.

मी तिच्या मनगटाला नवा दोरा बांधला आहे. तूही बांधून घे.
तुझ्यावर लोभ आहे, राग धरूनही आहे,
ताई

—

चियांग माई, १६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सेंगलाचा दोन्ही हात जोडून, गुडघे टेकून नमस्कार. वि. वि.

नोकरी गेली नाही. ऐक आणि हस. पाहुण्यांना वाटलं तो आमच्या शाळेचा कार्यक्रमच होता. दोन कुटुंबांनी तिथल्या तिथे नावं नोंदवली. मिसेस पेंडल म्हणाल्या, फारच हृद्य झालं, दरवर्षी करू या, माहितीपत्रकात फोटो घालू. मी नाही म्हटलं. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच नाही म्हटलं. त्या बाई वाईट नाहीत, ताई. त्यांनीही मुलं फक्त येताना पाहिली आहेत.

तोंगला सांग, पालीला लाज वाटते. मी नीट विचार करून उत्तर दिलं आहे.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी कपाटातून गेल्या वर्षीचं हजेरीपुस्तक काढलं. एकसष्ट नावं. त्यांना कुणी हाकच मारली नाही, हे तुझ्या पत्रातलं वाक्य मनातून जात नव्हतं, म्हणून व्हरांड्यात उभी राहून एकेक नाव वाचू लागले. मोठ्याने नाही, आपलं पुटपुटत. तिसऱ्या नावाला थांबले. ऊन होतं, वारा नव्हता, इनकाका पलीकडे पानं गोळा करत होते. पण माझ्या उजव्या हाताच्या बोटांना गार वाटलं, जसं लहान मुलाने ओल्या हाताने धरावं. चौथं नाव वाचलं, डावाही हात धरला गेला. मग पुस्तक मिटून टाकलं, कारण मला दोनच हात आहेत.

त्यांच्या आया सोलला आहेत, स्टॉकहोमला आहेत, कुठे कुठे आहेत. आपली मुलं किती समजूतदार झाली, असं त्या सांगत असतील. त्यांना काय लिहू? पण तू बंधाऱ्यावर काय म्हणाली होतीस ते मला आता पाठ झालं आहे. या प्रत्येकाचा हात धरून मी त्याला खुंटीपाशी नेलं होतं. आजपासून हे तुझं घर, असं मीच म्हटलं होतं, आणि त्यांनी ते खरं मानलं.

म्हणून मागते. माळ्यावरचं बाबांचं जाळं मला पाठव. लहान नको, मोठंच. फाटलं असेल तर तोंगला शेजारी बसवून शिवून घे, तिला एकेकाचं नाव माहीत आहे. आणि त्यांना बाहेर काढल्यावर न्यायचं कुठे, तेवढं मला लिही. घर म्हणून मी त्यांना एकच जागा दाखवली आहे.

लोभ आहेच. तो आता आम्हा सगळ्यांवर असू द्यावा.
तुझी,
सेंगला